वर्नाचं जू

तर तो बसच्या दाराचा दांडा, तिथं थांबलो होतो काल. हाताएवढा लांब, लोखंडी, टोकाला काळा गोळा, आणि तो ओढल्याशिवाय शाळेच्या बसचं दार म्हणून उघडायचं नाही. वर्ना पेत्राशनं तो एकतीस वर्षं उजव्या हातानं ओढला. थांबा आला, ओढ. पोर चढलं, ढकल. आमच्या हॅल्सी बेंड गावची दोन पिढ्यांची जनता त्या दारातून शाळेत गेली आणि त्याच दारातून घरी आली. शिकून आली असं मी म्हणणार नाही, मी त्यांच्याबरोबर पत्ते खेळतो.

सत्तावन्नाव्या वर्षी वर्नाचा उजवा खांदा संपावर गेला. हात पुढे जाई, थोडा वर जाई, मागे म्हणून जाईना. नव्या डॉक्टरांनी खांदा चाचपला आणि म्हणाले, "आखडलाय. केस विंचरताना, पाठीमागचे हूक लावताना त्रास होईल. कुणाची तरी मदत घेत जा."

"हूक मरू देत हो," वर्ना म्हणाली. "तीनशे पौंडांचा बार मानेमागे कसा धरू ते सांगा."

डॉक्टरांनी कागदावर तिचं वय परत एकदा वाचलं. पिट्सबर्गहून आले होते बिचारे, त्यांना आमचं तळघर ठाऊक नव्हतं.

चर्चचं तळघर. जिना उतरलं की डावीकडे स्वयंपाकघर. तिथं दर गुरुवारी बायका शुक्रवारच्या विक्रीसाठी पिरोही करतात, म्हणजे बटाटा आणि चीजचं सारण भरलेल्या करंज्या, आधी उकडायच्या आणि मग लोण्यातल्या कांद्यावर परतायच्या. उजवीकडे आमची तालीम. पोलादाच्या कारखान्यातल्या माणसांनी उभी केली ती, बार ठेवायच्या घोड्यांपासून बसायच्या बाकांपर्यंत सगळं आपल्या हातानं. मधे भिंत नाही. त्यामुळे चाळीस वर्षं आमच्या घामाला कांद्याचा वास येतो आणि त्यांच्या पिरोहींना... जाऊ दे, विकल्या जातात ना. वर फादर मिरॉन संध्याकाळची प्रार्थना सांगत असायचे, सगळे माना खाली घालून गप्प व्हायचे, आणि नेमका त्याच वेळी खाली एमिल स्रोका चारशे पौंड जमिनीवर सोडायचा. नवख्या माणसाला वाटायचं, देवानं होकार दिला.

या तालमीत माणसाची किंमत त्याच्या खुंटीवरून. कमरेला आवळायचा रुंद चामडी पट्टा प्रत्येकाकडे असतो. तो टांगायच्या खुंट्यांच्या दोन रांगा, पुढची घोड्यांशेजारी आणि मागची बॉयलरपाशी. पुढची खुंटी हवी असेल तर ऑगस्टमध्ये चर्चच्या जत्रेत सगळ्या गावासमोर बार खांद्यावर घेऊन एक बैठक मारायची. पुरुषांना चारशे पौंड. बायकांना किती, हे १९७८ पर्यंत कुणी ठरवलंच नव्हतं. त्या वर्षी वर्ना पट्टा घेऊन जिना उतरली, तेव्हा बुजुर्गांनी पाच मिनिटांत ठरवलं, "तीनशे," आणि हसले. ऑगस्टमध्ये हसायचे थांबले. पन्नाशी उलटली की मात्र दर जत्रेला ते परत करून दाखवावं लागतं, नाही तर पट्टा बॉयलरपाशी. माझाही तिथंच आहे. उबदार जागा आहे, चामडं मऊ राहतं.

फक्त मेलेल्याचा पट्टा कुणी हलवत नाही. वर्नाचा नवरा, जो पेत्राश त्याचं नाव, पुढच्या रांगेत असतानाच वारला, त्यामुळे त्याची खुंटी कायमची झाली. तिला लागून वर्नाची. नऊ वर्षं ते दोन पट्टे एकमेकांना खेटून लोंबत होते. वर्ना काही रडव्या जातीची नव्हे. "जोला बघा," म्हणायची, "काही न करता जागा अडवून बसलाय. जिवंतपणीही असाच होता." पण आपला पट्टा जोच्या शेजारून उचलला जाणार, ही गोष्ट तिच्या घशाखाली उतरत नव्हती. मला एकदा म्हणाली, "मेल्यावर कायमची खुंटी मिळते खरी, पण मला तेवढी घाई नाही. म्हणजे बैठकच मारायला हवी."

खुंट्यांचा कारभार जोच्या धाकट्या भावाकडे, क्लेमकडे. क्लेम पेत्राश सरळ माणूस. इतका सरळ की त्याला वाकडं काही चालत नाही, बारसुद्धा.

चौऱ्याण्णवच्या जानेवारीत वर्नानं नेहमीचा सरळ बार धरून पाहिला. तो मानेखाली पाठीवर ठेवायचा तर दोन्ही हात मागे वळवून पकडावा लागतो. डावा हात गेला. उजवा कानाशी येऊन थांबला, आणि वर्नानं असा एक शब्द काढला की स्वयंपाकघरातली लाटणी थांबली. शब्द त्यांच्या ओळखीचा होता, पण इतक्या मोठ्यानं कुणी ऐकला नव्हता.

मग वेगळा बार शोधणं आलं. शाळेच्या फुटबॉलच्या मास्तरांकडे पोरांसाठी आणलेले दोन तऱ्हेवाईक बार होते, ते त्यांनी ट्रकमधून आणून दिले. पहिला धनुष्यासारखा, मधे वर उचललेला आणि दोन्ही टोकांना खाली झुकलेला. त्यानं हात चार बोटं खाली येतात. वर्नाच्या खांद्याला हवे होते वीतभर. शिवाय तो पाठीवर नेमका मधोमध ठेवला नाही तर आपल्या मनानं वळतो. दुसरा बार म्हणजे खांद्यावर मधला दांडा, दोन्हीकडे तो गुडघ्यासारखा खाली वळलेला, आणि वजनाच्या थाळ्या पार कमरेपाशी लोंबणाऱ्या. यात हात खाली सोडून धरता येतात. खांदा खूश झाला. पण वर्ना खाली गेली की थाळ्या पुढे झोका घ्यायच्या, वर आली की मागे. तिसऱ्या बैठकीला ती घोडीच्या खांबाला जाऊन थडकली.

"यात तान्हं मूल निजवा," ती मास्तरांना म्हणाली. "माझी बैठक यात व्हायची नाही."

"मी काय म्हणतो वहिनी," क्लेमनं तोंड घातलं, "बार एकच असतो. सरळ. बाकी सगळी सर्कस."

"तुझा हात माझ्या खांद्याला शिवून दे, मग सरळ धरते."

हे सगळं एमिल स्रोका बाकावर बसून ऐकत होता. एमिल कारखान्यातला वेल्डर, निवृत्त होऊन सहा वर्षं झालेली आणि तेव्हापासून घरात जोडण्यासारखं काही न उरलेला. त्यानं मास्तरांच्या मासिकात एक चित्र पाहिलं. मानेभोवती गादी, गादीतून खांद्यांवरून पुढे आलेले दोन आखूड दांडे आणि त्यांना मुठी. हात मागे न्यायचेच नाहीत, छातीपुढे मुठी धरायच्या. माझे आजोबा जुन्या देशात, म्हणजे युरोपात, बैल हाकत, त्यांच्या गोष्टी ऐकून वाढलो मी. मी चित्र बघितलं आणि म्हटलं, "अरे, हे तर जू!" तेच नाव पडलं.

एमिलनं दोरीनं वर्नाचे खांदे मोजले. क्लेम म्हणाला, "एवढा वेळ काय मोजतोयस रे?" एमिल म्हणाला, "तिची हरकत नाही. तू तुझे मोजून घे, शिल्लक दोरी आहे." कारखान्याच्या भंगारातून त्यानं एक जाड शाफ्ट, म्हणजे यंत्राचा लोखंडी दांडा, आणला, महिनाभर गॅरेजमध्ये ठिणग्या उडवल्या, आणि फाटक्या बसच्या सीटचा हिरवा रेक्झीन गुंडाळून गादी केली. जू दिसायला असं काही भयंकर झालं की फादर मिरॉननी त्यावर पवित्र पाणी शिंपडायचं सुचवलं.

पण खांद्याला चाललं! वर्ना आत शिरली, मुठी धरल्या, उभी राहिली आणि पहिल्यांदाच हसली.

जुवाची एक खोड असते. ते माणसाला पुढे ढकलतं. पाठ वरच्या बाजूला ताठ ठेवली नाही तर नाक जमिनीकडे निघतं. मास्तरांनी आधीच सांगून ठेवलं होतं, "सरळ बारनं जेवढं होतं त्यापेक्षा आठवा-दहावा हिस्सा यात कमीच होईल. घाबरायचं नाही." हे वाक्य आमच्या डोक्यात पक्कं बसलं, आणि आम्ही सगळे तिथंच फसलो.

मार्चमध्ये वर्नानं एकशे पंचाऐंशी केले. मे महिन्यात दोनशे पंचवीस. जुलैत दोनशे पंचावन्न, आणि तिथं गाडी रुतली. दहा पौंड वाढवले की खाली जायची ती वर यायची नाही. बार घोडीच्या खालच्या आडव्या अडणीवर टेकवून रांगत बाहेर यायची. एकदा, दोनदा, तीनदा. दोनशे पंचावन्न मात्र आठवड्यातून दोनदा करायची, दर वेळी चेहरा बिटासारखा लाल.

"म्हणून म्हणत होतो," क्लेम म्हणायचा.

"तू म्हणत नसतोस कधी?"

जत्रेला एकोणीस दिवस उरले तेव्हा एका मंगळवारी बैठका झाल्यावर तिनं कमरेचा पट्टा सोडला, पुढच्या रांगेकडे न जाता सरळ बॉयलरपाशी आली आणि माझ्या पट्ट्याशेजारी टांगला. "पंचेचाळीस पौंड कमी आहेत. अडीच आठवड्यांत कुठून आणू?" म्हणाली. "क्लेमनं हलवण्यापेक्षा मीच हलवते." मग म्हणाली, "सरक." मला की माझ्या पट्ट्याला, ते कळलं नाही. आम्ही दोघंही सरकलो.

दोन दिवसांनी गुरुवार. जत्रा जवळ आलेली म्हणून पिठाच्या कोठ्या दुप्पट, आणि जागा पुरेना. क्लेमची बायको ओल्गा पिरोहींची मुख्य, वर्नाची जाऊ. तिनं आमच्या बाजूला येऊन हातानंच खुणावलं, हे हलवा, ते हलवा. आम्ही पुरुष "हो हो" म्हणत बसून राहिलो. मग तिनंच वाकून जू उचललं. दोन पावलं चालली आणि खाली ठेवलं.

"क्लेम, याचं वजन किती धरता तुम्ही?"

"पंचेचाळीस."

"कुणी सांगितलं?"

"सांगायचं काय त्यात? बार आहे."

इथं मला कबूल करायला हवं. आमच्यातल्या एकालाही सातचा पाढा येत नाही, पण बाराला लावलेल्या थाळ्या दुरून बघून आम्ही बेरीज सांगतो, आणि शेवटी बाराचे पंचेचाळीस मिळवतो. कारखान्यातून येणारा सरळ बार पंचेचाळीसचा असतो, म्हणून बार म्हणजे पंचेचाळीस. हे कुणी शिकवत नाही, बाप्तिस्म्याच्या पाण्याबरोबरच डोक्यात जातं. येशू पाण्यावरून चालला की नाही यावर आमच्यात वाद होतात. बार पंचेचाळीस यावर कधी नाही.

ओल्गा म्हणाली, "माझं बटाट्याचं पोतं पन्नासचं. ते दर गुरुवारी मी एका खांद्यावर घेऊन जिना उतरते, तू पेपर वाचत असतोस. हे जर पन्नासच्या आत असेल ना, तर उद्या मी नन होते."

क्लेम हसला. "झालीस तर स्वयंपाक कोण करेल?"

ओल्गानं स्वयंपाकघरातला बटाट्यांचा काटा ढकलत आणला आणि एमिलला म्हणाली, "ठेव." एमिलनं जू काट्यावर ठेवलं. तिनं सरकतं वजन पन्नासच्या खाचेत नेलं. काटा हललासुद्धा नाही. साठ. सत्तर. ऐंशीला थोडा थरथरला. ब्याण्णवला सरळ उभा राहिला.



"काटा बिघडलाय," क्लेम म्हणाला आणि खात्री करायला स्वतः वर चढला. काटा अगदी बरोबर निघाला. क्लेमनं बायकोला सांगितलेलं वजन तेवढं बरोबर निघालं नाही, त्यावरून त्यांच्या घरी काय झालं ते वेगळं सांगेन.

थाळ्यांचे दोनशे दहा, बाराचे ब्याण्णव. मी बोटांवर केली, मास्तरांनी कागदावर केली. तीनशे दोन. बाई तीन आठवडे, आठवड्यातून दोनदा, तीनशे दोन उचलत होती आणि आम्ही तिला धीर देत होतो.

"एमिल!" क्लेम ओरडला.

"मला कुणी विचारलंच नाही," एमिल म्हणाला. "भरीव शाफ्ट आहे. तुम्हाला काय वाटलं, मी तिच्या मानेवर पोकळ नळी ठेवीन?"

वर्नाला फोन गेला. ती बागेतल्या चिखलाच्या चपला घालून आली, काटा बघितला, परत बघितला, मग एमिलकडे वळली. "एमिल, तुझा मुका घेऊ की तुझं डोकं फोडू, ठरवू दे जरा." एमिल दोन्हीला तयार दिसत होता. तिनं बॉयलरपाशी जाऊन पट्टा काढला आणि जोच्या शेजारी नेऊन टांगला.

क्लेम मधे आला. "थांब वहिनी. तळघरातलं धरत नाहीत. जत्रेत, सगळ्यांसमोर."

"जत्रेत करीन."

"आणि दुसरं. मुठी धरून करायची म्हणजे..."

"भिंतीवर खुंटीचा नियम रंगवलाय तो वाच. तीनशे पौंड, मांडी गुडघ्याच्या खाली. बार कुठला, लिहिलंय?"

"तेव्हा एकच बार होता म्हणून लिहिलं नाही."

"नाही लिहिलं ते नाही."

"जत्रेत करून तर दाखव. मग बघतो," क्लेम म्हणाला. पट्टा तेवढ्यापुरता तिथं राहू दिला.

आता तुम्हाला वाटेल, झालं. आम्हालाही वाटलं. पुढच्या मंगळवारी वर्ना त्याच जुवाखाली उभी राहिली, त्याच थाळ्या, त्याच जागी. खाली गेली आणि राहिली खालीच. अडणीवर टेकवलं. परत केलं, परत तेच. शुक्रवारीही तेच. पंधरा दिवसांपूर्वी जे वजन ती शिव्या देत उचलत होती, ते आकडा कळल्यावर जागचं हलेना. लोखंड तेवढंच, बाईही तीच.

"दोनशे पंचावन्न म्हणून किती सोपं होतं," ती बाकावर बसून म्हणाली. "तुम्हाला कुणी मोजायला सांगितलं होतं?"

ओल्गाला वाईट वाटलं. मास्तरांनाही. त्यांनी त्यांच्याकडचं दुकानातून आणलेलं जू उचलून आणलं. पोरांचं, पासष्ट पौंडांचं, मऊ काळी गादी, सगळं गुळगुळीत. "थाळ्या वाढवा आणि तेवढंच करा. हे मानेला कमी टोचतं." वर्नानं दोन हलक्या बैठका मारून पाहिल्या. खरंच चांगलं होतं, आम्ही सगळ्यांनी हात फिरवून पाहिला. तिनं ते परत घोडीवर ठेवलं.

"एमिलचंच घेते."

"का गं?" एमिलनंच विचारलं.

"त्याच्या मुठी माझ्या हाताच्या मापाच्या आहेत. आणि ते मला इतकं टोचतं की त्याच्याखाली फार वेळ बसवत नाही, लवकर उठावंसं वाटतं. या गादीवर तर मी झोपून जाईन." मग आमच्या सगळ्यांकडे बोट रोखून म्हणाली, "जत्रेपर्यंत माझ्यासमोर आकडा उच्चारायचा नाही. जो उच्चारेल त्याच्या नातवंडांना मी सप्टेंबरात पायी शाळेत पाठवीन."

म्हणून नऊ दिवस तालमीत कुणी कुठलाच आकडा बोललं नाही. बुधवारी मी किती वाजले विचारलं तर एमिलनं नुसतं खिडकीकडे बोट केलं.

जत्रा रविवारी, सकाळची मिस्साची प्रार्थना झाल्यावर, चर्चच्या आवारात. एका बाजूला अकॉर्डियनवाले, एका बाजूला बिअरचा तंबू, मधे पिरोहींची रांग, आणि झाडाखाली आमची घोडी. आधी तीन जणांनी बैठका मारल्या, टाळ्या झाल्या. मग वर्ना. पट्टा आवळायला दोन पोरी लागल्या, कारण उजवा हात मागे जात नव्हता. ती जुवाखाली शिरली, मुठी धरल्या.

प्रत्येक बैठकीआधी वजन मोठ्यानं पुकारायचं, हे क्लेमचं काम. ते त्यानं कधी चुकवलं नव्हतं आणि चर्चच्या आवारात खोटं बोलणं त्याच्या रक्तात नाही. त्यानं हातातला कागद बघितला. वर्नाकडे बघितलं. ती डोळे मिटून उभी होती. पिरोहींच्या रांगेतून ओल्गा झारा हातात धरून त्याच्याकडे बघत होती.

"वर्ना पेत्राश," क्लेमनं पुकारलं. घसा खाकरला. "वजन... नेहमीचंच."

वर्नानं डोळे उघडले. दोन पावलं मागे आली, श्वास पोटात भरला आणि खाली गेली. सावकाश, पाठ ताठ, मांड्या गुडघ्यांच्या खाली, इतक्या खाली की मागच्या रांगेतल्या आंधळ्यालाही शंका राहू नये. मग वर. अर्ध्यात जू थांबलं. पुढे ढकलायला लागलं, कोपरं उचलली गेली, अकॉर्डियनवाला मधेच थांबला. वर्नानं कोपरं खाली दाबली, छाती वर काढली आणि जानेवारीतला तो शब्द परत एकदा काढला, या वेळी फादर मिरॉनच्या समोर. आणि उभी राहिली. सरळ. जू घोडीवर ठेवलं तेव्हा घोडी करकरली.

गाव नुसतं बेभान झालं. एमिल रडत होता आणि सांगत होता की कांद्यामुळे.

वर्ना खुर्चीवर बसली. क्लेम तिच्यासमोर येऊन उभा राहिला, कागद हातात, आणि हळूहळू सगळे गप्प झाले, कारण खुंटीचं तोच सांगणार होता.

"बैठक झाली," क्लेम म्हणाला. "खाली गेलीस, वर आलीस. तीनशे दोन पौंड. नाकारत नाही. पण वहिनी, तू समोर मुठी धरून उठलीस. हाताला धरायला काहीतरी होतं. अशी धरून मारलेली बैठक पुढच्या खुंटीला चालते की नाही, हे मला ठरवायचंय. तुला काही म्हणायचंय?"

वर्नानं तोंड पुसलं, दम घेतला, आणि सगळ्या जत्रेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "क्लेम, तू रोज सकाळी संडासातून उठताना बेसिनला धरून उठतोस, हे ओल्गानं पिरोही लाटताना आम्हा सगळ्यांना सांगितलंय. म्हणून तू अजून आतच बसलायस, असं आम्ही कुणी म्हणतो का? टांग पट्टा."